घरच्या मेणबत्त्या, साबण, लोशन: सुगंध नक्की किती घालायचा?

वातीवाली

नमस्कार मंडळी,

गणपती उरकले की दिवाळीच्या प्रदर्शनांची गडबड सुरू होते आणि मेणबत्ती-साबणाच्या प्रत्येक धाग्यावर तेच दोन प्रश्न येतात. एक, "किलोभर मेणात सेंट किती घालू?" दुसरा, "तेच सेंट लोशनमध्ये घातलं तर चालेल का?" पहिल्याला भराभर उत्तरं मिळतात. दुसऱ्यावर "घाल की थोडंसं, काही होत नाही" एवढंच येतं. हे "काही होत नाही" मला फार खटकतं. म्हणून हा वेगळा धागा. मी दोन्ही करते आणि शिकवते, त्यामुळे दोन्हीकडचं लिहिते.

मेणबत्तीत सुगंध किती घालायचा ते मेण आणि ज्योत ठरवतात. अंगाला लागणाऱ्या वस्तूत किती घालायचा ते त्या सुगंधात कोणते घटक आहेत यावर ठरतं. त्यामुळे एकाच बाटलीतलं तेल मेणात ८ टक्के चालतं आणि लोशनमध्ये कदाचित अर्धा टक्काही चालत नाही.

आधी मेणबत्ती. सोया मेणात साधारण ६ ते १० टक्के, पॅराफिनमध्येही त्याच आसपास, मधमाशांच्या मेणात ३ ते ६. नेमकी कमाल मर्यादा तुमच्या मेणाच्या माहितीपत्रकावर असते, कारण दोन कंपन्यांच्या सोया मेणांतही फरक असतो. नवीन मेण असेल तर ६ पासून सुरुवात करा. जास्त तेल घातलं की वास जास्त येतो, असं होत नाही. मेण ठरावीक तेवढंच तेल धरून ठेवतं. वरचं तेल पृष्ठभागावर घामासारखं पाझरतं किंवा जारच्या तळाशी साचतं. वात ते ओढते आणि चोंदते. मग ज्योत एकतर गुदमरते नाहीतर भडकते आणि काचेला काजळी धरते. वितळलेल्या मेणावर सुटं तेल तरंगत असेल तर तेच पेट घेऊ शकतं. वास येत नसेल तर आधी वातीची जाडी बदलून पाहा, आणि सोया मेणबत्ती ओतल्यावर आठवडा-दोन आठवडे झाकून मुरू द्या. दुसऱ्या दिवशी पेटवून "वासच नाही" म्हणणाऱ्यांना माझं पहिलं उत्तर हेच असतं.

टक्के म्हणजे वजनाचे टक्के. १ किलो मेणाला ८ टक्के म्हणजे ८० ग्रॅम, ८० मिली नव्हे.

आता अंगाला लागणाऱ्या वस्तू. इथे विक्रेत्याकडून एक कागद मागायचा: इफ्रा प्रमाणपत्र. इफ्रा ही सुगंध उद्योगाची आंतरराष्ट्रीय संघटना, १९७३ साली स्थापन झालेली. कोणता सुगंधी घटक कोणत्या प्रकारच्या वस्तूत जास्तीत जास्त किती असावा, याची मानकं ती ठरवते. २०२३ साली त्या मानकांची ५१वी दुरुस्ती आली. प्रमाणपत्र मात्र इफ्रा स्वतः देत नाही. सुगंध बनवणारी कंपनी आपल्या मिश्रणाचा हिशेब करून ते देते. त्यामुळे "आमचं तेल इफ्रा अप्रूव्ड आहे" असं नुसतं सांगणाऱ्याला पुढचा प्रश्न विचारा: कुठल्या कॅटेगरीत किती टक्के?

कॅटेगरी बारा आहेत. आपल्या कामाच्या तेवढ्या सांगते. १ म्हणजे ओठांची उत्पादनं. २ म्हणजे डिओ, आणि बॉडी मिस्टसुद्धा त्यातच. ४ म्हणजे परफ्युम, अत्तर, सॉलिड परफ्युम. ५ चे चार भाग आहेत: ५ए बॉडी लोशन आणि अंगाचं तेल, ५बी चेहऱ्याचं क्रीम, ५सी हाताचं क्रीम, ५डी बाळांसाठीचं. ९ मध्ये धुवून टाकायच्या वस्तू येतात, म्हणजे साबण, शाम्पू, बाथ सॉल्ट. १२ मध्ये मेणबत्ती.

समजा, मोगऱ्याच्या एका तेलाच्या कागदावर असं लिहिलंय: ५ए ला ०.८, ९ ला ३.२, १२ ला १००. तर २०० ग्रॅम लोशनमध्ये ते जास्तीत जास्त १.६ ग्रॅम. १ किलो साबणात जास्तीत जास्त ३२ ग्रॅम. आणि मेणबत्तीला १०० लिहिलंय याचा अर्थ बाटली रिकामी करा असा नाही. त्वचेशी संपर्क येत नाही म्हणून त्वचेच्या बाजूने मर्यादा नाही, एवढंच. मेणाची मर्यादा वर सांगितली ती तशीच राहते.

हे आकडे कमाल मर्यादेचे आहेत. मी स्वतः लोशनला ०.५ च्या पुढे क्वचित जाते, कागदावर २ लिहिलेलं असलं तरी. चेहऱ्याच्या क्रीमला त्याहून कमी, बऱ्याचदा काहीच नाही.

विचारा काय विचारायचं ते.

नवशिकी_नाशिक

ताई, खूप गरजेचा धागा. माझ्याकडे वजनकाटा आहे पण स्वयंपाकघरातला, १ ग्रॅमपासून दाखवणारा. लोशनसाठी थेंब मोजले तर चालतील का? १ मिली म्हणजे २० थेंब असं वाचलंय.

वातीवाली

२० थेंब हा पाण्याचा ढोबळ हिशेब. तेल किती पातळ आहे आणि बाटलीचं नोझल केवढं आहे यावर थेंब बदलतो. काही तेलांचे एका मिलीत ३०-३५ थेंबही होतात. म्हणजे एकाच पाककृतीत एकीचं लोशन सौम्य होईल आणि दुसरीचं दीडपट.

किचनच्या काट्यावर १.६ ग्रॅम तोलायला गेलीस तर तो १ किंवा २ दाखवणार. शिवाय थेंबाथेंबाने ओतलेलं बरेच काटे पकडतच नाहीत, मध्येच शून्यावर अडकून राहतात. दोन दशांशापर्यंत दाखवणारा छोटा काटा घे, सोनाराकडे असतो तसा. फार महाग नाही. मेणबत्तीला किचनचा काटा पुरतो, लोशनला नाही.

तोवर उपाय हवा असेल तर सुगंध आधी पातळ कर. १० ग्रॅम सुगंध ९० ग्रॅम नारळाच्या फ्रॅक्शनेटेड (पातळ, न गोठणाऱ्या) तेलात मिसळून ठेव, बाटलीवर "१० टक्के" लिही. आता १.६ ग्रॅम सुगंध हवा तर या मिश्रणाचे १६ ग्रॅम घ्यायचे. किचनच्या काट्यावरही चूक बरीच कमी होते. मात्र त्यासोबत १४.४ ग्रॅम तेल लोशनमध्ये जातंय, ते पाककृतीतल्या तेलातून वजा कर.

कागदी_लिंबू

एक वेगळा मुद्दा मांडतो. हे सगळं कृत्रिम सेंटला ठीक आहे. पण आपण दालचिनी, लवंग, लिंबू, गवती चहा यांची शुद्ध तेलं वापरतो. ही झाडापानांची आहेत, घरोघर पिढ्यान्‌पिढ्या वापरात आहेत. त्यांनाही टक्केवारीच्या चौकटीत बसवायचं म्हणजे जरा अति होतंय असं मला वाटतं.

वातीवाली

काका, मला हीच तेलं जास्त जपून वापरावीशी वाटतात. आपल्या घरात पिढ्यान्‌पिढ्या दालचिनी वापरात होती, दालचिनीचं तेल नव्हतं. किलोकिलो सालीतून थोडंसं तेल निघतं, त्यात सगळा अर्क एकवटलेला असतो.

आकडे सांगते, म्हणजे अंदाज येईल. अंगावर राहणाऱ्या उत्पादनात दालचिनीच्या सालीच्या तेलाची अरोमाथेरपीच्या संदर्भग्रंथांत दिलेली मर्यादा ०.०७ टक्के आहे, त्यातल्या सिनॅमालमुळे. १०० ग्रॅम मसाज तेलात जेमतेम दीड थेंब. लवंगकळीच्या तेलाला ०.५ टक्के, त्यातल्या युजेनॉलमुळे. गवती चहाच्या तेलाला ०.७ टक्के, त्यातल्या सिट्रालमुळे. हे सिनॅमाल, युजेनॉल, सिट्राल झाडातून आले काय आणि कारखान्यातून आले काय, त्वचेला रेणू तेच दिसतात. इफ्राही फरक करत नाही. नैसर्गिक तेलातला घटकसुद्धा त्याच मर्यादेत मोजतात.

आणि तुमच्या नावातल्या लिंबाविषयी खास. कागदी लिंबाच्या सालीचं दाबून काढलेलं तेल अंगाला लावून उन्हात गेलं तर त्वचा भाजल्यासारखी होऊ शकते. त्यातली फ्युरोकुमारिन नावाची द्रव्यं उन्हातल्या अतिनील किरणांनी चेततात. अंगावर राहणाऱ्या वस्तूंत त्याची मर्यादा ०.७ टक्के, बर्गमॉट या लिंबूवर्गीय फळाच्या तेलाला ०.४. वाफेने काढलेल्या लिंबाच्या तेलाला हा त्रास नाही, कारण ही द्रव्यं वाफेबरोबर येत नाहीत. संत्र्याच्या तेलालाही नाही. धुवून टाकायच्या साबणाला हा उन्हाचा नियम लागत नाही. म्हणून बाटली घेताना तेल कसं काढलंय ते विचारायचं.

कागदी_लिंबू

दाबून काढलेलं आणि वाफेचं, हा फरक माहीत नव्हता. माझ्या बाटलीवर नुसतं "शुद्ध लिंबू तेल" लिहिलंय. विक्रेत्याला विचारतो. दालचिनीच्या आकड्याने मात्र विचारात पडलोय. थंडीत सांध्यांना लावायच्या तेलात आमच्याकडे अंदाजे चमचाभर टाकतात.

त्वचावैद्य

मी त्वचारोगतज्ज्ञ आहे. कागदी_लिंबू, ते तेल आता लावू नका, ही विनंती. चमचाभर म्हणजे या मर्यादेच्या कित्येक पट होतं.

सुगंधाचे त्वचेला होणारे त्रास दोन वेगळ्या प्रकारचे असतात आणि इथे त्यांची गल्लत होते आहे. पहिला चुरचुरीचा. तेल तीव्र असलं की लावल्यावर जळजळतं, लाल होतं, धुतलं की हळूहळू शमतं. हा कुणालाही होऊ शकतो. दुसरा ॲलर्जीचा. यात शरीराची प्रतिकारयंत्रणा त्या घटकाला "ओळखायला" शिकते. पहिल्या वेळी काहीच दिसत नाही, दहाव्या वेळीही दिसत नाही. वापर चालू राहतो आणि मग एके दिवशी पुरळ, खाज, पाणी सुटणं. एकदा ही ओळख पटली की ती सहसा आयुष्यभर राहते. मग तोच घटक दुसऱ्या कुणाच्या परफ्युममध्ये, भांड्याच्या साबणात, फरशी पुसायच्या द्रावणात, कुठेही अत्यल्प असला तरी त्रास होतो. आणि सिनॅमाल किंवा लिनालूल नाही अशी सुगंधी वस्तू बाजारात शोधणं किती कठीण आहे ते रुग्णाला मग कळतं.

इफ्राच्या मर्यादा मुख्यतः हा दुसरा प्रकार टाळण्यासाठी आहेत. म्हणून त्या इतक्या छोट्या वाटतात. "मी इतकी वर्षं वापरतेय, काही झालं नाही" या वाक्याला म्हणूनच अर्थ नाही.

कोपराच्या आतल्या बाजूला लावून ४८ तास पाहणं चांगलंच, जरूर करा. पण त्यातून आधीच झालेली ॲलर्जी किंवा चुरचुर कळते. पुढे ॲलर्जी होणार नाही याची हमी त्यातून मिळत नाही.

तेलांच्या वयाविषयीही थोडं. लॅव्हेंडरमधलं लिनालूल आणि संत्र्या-लिंबातलं लिमोनीन हे ताजे असताना बऱ्यापैकी सौम्य असतात. हवेशी संबंध आला की त्यांचे हायड्रोपेरॉक्साइड बनतात आणि ते ॲलर्जी करण्यात कितीतरी जास्त तरबेज असतात. अर्धी रिकामी, खिडकीत ठेवलेली, दोन वर्षांपूर्वीची संत्र्याची बाटली अंगासाठी वापरू नका. फ्रीजमध्ये, गडद काचेत, भरत आलेल्या छोट्या बाटलीत ठेवा.

आणि लहान बाळं. अभ्यंगाच्या तेलात कापूर घालायची पद्धत अनेक घरांत आहे. बाळाच्या तेलात कापूर घालू नका, छातीला-नाकाला तर मुळीच नको. कापूर त्वचेतून शोषला जातो आणि पोटात गेला तर लहान मुलांना झटके येऊ शकतात. त्याची बाटली आणि वड्या मुलांच्या हाताला लागणार नाहीत अशा ठेवा. बाळाच्या कोणत्याच वस्तूत सुगंध नको, असं माझं स्पष्ट मत आहे.

वातीवाली

डॉक्टर, मनापासून आभार. हा प्रतिसाद मी माझ्या वर्गात वाचून दाखवणार आहे, चालेल ना?

त्वचावैद्य

जरूर.

रविवारपेठ

मी रविवार पेठेतून सुटं सेंट आणते. दुकानात मोठ्या कॅनमधून बाटलीत भरून देतात, "गुलाब", "केवडा", "चंदन" असं पेनने लिहून. कागद मागितला तर म्हणतात अगरबत्तीवाले पण हेच नेतात, काही प्रॉब्लेम नाही. मेणबत्तीला वापरावं का?

वातीवाली

अगरबत्तीचं सेंट बहुतेक वेळा डीईपी नावाच्या द्रावकात पातळ केलेलं असतं. मेणात ते नीट मिसळेलच असं नाही, आणि पातळ केल्यामुळे वासही उतरतो. मेणबत्तीला वापरायचंच असेल तर छोट्या जारमध्ये करून पूर्ण जाळून पाहा, शेवटपर्यंत. काजळी, तडतड, ज्योत फुगणं यांपैकी काही दिसलं तर सोडून द्या. अंगाला मात्र नाही. ज्याचा कागद नाही ते त्वचेला नाही, हा माझ्याकडे पक्का नियम आहे. दुकानदाराच्या चांगुलपणाचा प्रश्न नाही. त्या कॅनमध्ये काय आहे ते त्यालाही माहीत नसतं.

त्याच ओघात: केकचं व्हॅनिला इसेन्स मेणात घालू नका, त्यात पाणी किंवा अल्कोहोल असतं आणि मेणात ते विरघळत नाही. अंगावर मारायचा तयार परफ्युमही नको. रंगासाठी मेणाचे खडू नकोत, त्यातलं रंगद्रव्य वातीत अडकतं.

गोव्याची_मोगरी

दिवाळीला जेल मेणबत्त्या खूप खपतात, काचेच्या पेल्यात, आत शिंपले वगैरे घालून. त्यालाही ८ टक्के का? आणि फ्लॅश पॉइंट म्हणून एक आकडा बाटलीवर असतो, तो काय?

वातीवाली

जेलला ८ नको, आणि जेलचा नियम वेगळाच आहे. जेल म्हणजे खनिज तेल आणि त्याला घट्ट करणारं पॉलिमर. त्यात सुगंध साधारण ३ टक्के, फार तर ५. पण टक्क्यांपेक्षा महत्त्वाचं म्हणजे तो सुगंध खनिज तेलात पूर्ण विरघळणारा हवा. घरी करता येण्यासारखी चाचणी आहे: छोट्या काचेच्या बाटलीत १ भाग सुगंध आणि ३ भाग खनिज तेल घाल, हलव आणि ठेवून दे. अगदी स्वच्छ, आरपार दिसलं तर ठीक. धुरकट झालं, तळाशी थर बसला, धाग्यांसारख्या रेघा फिरताना दिसल्या तर तो सुगंध जेलला नको. न विरघळलेल्या सुगंधाचे कप्पे जेलमध्ये राहतात आणि ज्योत तिथवर पोचली की भडका उडू शकतो.

फ्लॅश पॉइंट म्हणजे ज्या तापमानाला तेलाची वाफ उघड्या ज्योतीने क्षणभर पेट घेऊ शकते ते तापमान. जेलसाठी तो ७७ अंश सेल्सिअसच्या वर असलेलाच सुगंध घेतात. सोया किंवा पॅराफिनला मात्र अनेकांचा गैरसमज असा की फ्लॅश पॉइंट ६५ असेल तर मेण ६५ च्या खाली आणूनच सुगंध घालायचा, नाहीतर वास उडून जातो. तसं नाही. सोया मेण ८० ते ८५ अंशांपर्यंत तापवायचं, आच बंद करायची, सुगंध घालून दोन मिनिटं सावकाश ढवळायचं. मेण फार गार असताना घातलेला सुगंध नीट मिसळत नाही आणि मग तोच पाझरतो. उघडी ज्योत जवळ नको, एवढं पाळायचं. म्हणून मेण वितळवायला इंडक्शन बरं, आणि डबल बॉयलर, म्हणजे गरम पाण्याच्या भांड्यात ठेवलेलं मेणाचं भांडं. थेट गॅसवर पातेलं ठेवून बाजूला जाऊ नका. मेण पेटलंच तर पाणी ओतायचं नाही, झाकण घालायचं.

पेल्याचं म्हणशील तर पाणी प्यायचे पातळ ग्लास तडकतात. जाड, उष्णता सोसणारी काच घे. शिंपले काचेला चिकटवून ठेव, वातीपासून लांब. सुकी फुलं, पानं तर जेलमध्ये घालूच नको, ती दुसरी वात होतात.

साबणकर

साबणाबद्दल कुणी विचारलं नाही म्हणून मी लिहितो. कोल्ड प्रोसेसमध्ये, म्हणजे तेलं आणि कॉस्टिकचं द्रावण मिसळून करायच्या साबणात, आम्ही सुगंध तेलांच्या वजनावर ३ टक्के धरतो. मेल्ट अँड पोअर बेसमध्ये (तयार साबण, नुसता वितळवून साच्यात ओतायचा) १ ते २, जास्तीत जास्त ३, नाहीतर बेस चिकट राहतो आणि फेस मरतो. या दोन्हींत कॅटेगरी ९ चा आकडा ३ च्या खाली असेल तर तो आकडा. इफ्राची टक्केवारी तयार वस्तूच्या वजनावर असते, तेलाच्या नव्हे, हे लक्षात ठेवा. तेलावर काढलेले ३ टक्के तयार साबणावर दोनच्या आसपास येतात, म्हणजे आपण सुरक्षित बाजूलाच राहतो.

मेणातही हा घोळ आहे. कुणी ८ टक्के मेणाच्या वजनावर काढतो, कुणी एकूण वजनावर. १६० ग्रॅम मेणात १२.८ ग्रॅम घातलं तर मेणावर ८ आणि एकूण वजनावर ७.४ टक्के. मेणबत्तीला फारसा फरक पडत नाही, पण वहीत एकच पद्धत ठेवा.

लवंगेचं तेल कोल्ड प्रोसेसमध्ये घालणाऱ्यांनी साचा आधीच तयार ठेवा. युजेनॉलमुळे मिश्रण बघता बघता घट्ट होतं, कधी कधी ब्लेंडरसकट. आणि व्हॅनिलिन असलेला सुगंध साबण तपकिरी करतो. तो बिघाड नाही, त्यामुळे पांढऱ्या साबणात व्हॅनिला घालून रडू नका.

नवशिकी_नाशिक

दोन सुगंध एकत्र केले तर? मला गुलाब आणि चंदन मिसळायचंय. गुलाबाला ५ए मध्ये १.२ आहे, चंदनाला ०.६.

वातीवाली

सोपा आणि सुरक्षित मार्ग: दोन्ही मिळून ०.६ च्या आत राहा. कारण एखादा घटक दोन्ही तेलांत असू शकतो आणि त्याची बेरीज होते, ती आपल्याला कागदावरून दिसत नाही.

थोडं नेमकं हवं असेल तर प्रत्येक सुगंध आपल्या मर्यादेचा किती हिस्सा वापरतो ते काढ. गुलाब ०.६ घातलास तर मर्यादेचा अर्धा हिस्सा, चंदन ०.३ घातलंस तर अर्धा. दोन्ही हिस्से मिळून एकच्या वर जाऊ द्यायचे नाहीत. पण पहिल्या लोशनला तू सोपा मार्गच घे. आणि लोशन ४० अंशांच्या आसपास कोमट झाल्यावर सुगंध घाल.

आंबेहळद

आमचा बचत गट उटणं आणि साबण करतो. साबण प्रदर्शनात विकायचे तर परवाना लागतो का? घरगुती म्हणून सूट असते असं काही जणी म्हणतात.

वातीवाली

लागतो. विक्रीसाठी सौंदर्यप्रसाधनं बनवायची तर १९४० चा औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा आणि २०२० चे सौंदर्यप्रसाधने नियम लागू होतात. परवाना राज्याचं अन्न व औषध प्रशासन देतं. अंगाचा साबण, लोशन, लिप बाम सगळं त्यात येतं. घरी बनवलं म्हणून सूट नाही. उटणं आयुर्वेदिक म्हणून विकायचं असेल तर त्याचा परवाना आणखी वेगळा. स्वतःची जागा आणि यंत्रणा नसेल तर परवानाधारक कारखान्यात आपलं उत्पादन करून घेण्यासाठी लोन लायसन्सची सोय नियमांत आहे. बचत गटांनी ती जरूर तपासावी, जिल्ह्याच्या कार्यालयात जाऊन विचारा. मेणबत्त्या सौंदर्यप्रसाधनांत येत नाहीत, त्यांना हा परवाना नको.

हे सांगितलं की मंडळी नाराज होतात, पण ग्राहकाला पुरळ उठलं तर गटातल्या बायकाच अडचणीत येणार. मला त्यांची काळजी वाटते.

जर्मनीकर

इथे म्युनिकजवळ आमच्या महाराष्ट्र मंडळाच्या दिवाळी मेळ्यात स्टॉल लावतात, म्हणून इकडचं सांगते. युरोपियन युनियनमध्ये हाताने केलेल्या एका साबणाच्या वडीलाही पात्र तज्ज्ञाचा सुरक्षा अहवाल लागतो आणि विक्रीआधी उत्पादनाची ऑनलाइन नोंदणी करावी लागते. लेबलवर २६ सुगंधी ॲलर्जेन्सची नावं लिहावी लागत होती. अंगावर राहणाऱ्या वस्तूत ०.००१ टक्क्याहून जास्त असलं किंवा धुवून टाकायच्या वस्तूत ०.०१ हून जास्त असलं तर. २०२३ च्या नव्या नियमाने ती यादी ८० च्या पुढे गेली. मेणबत्तीलाही धोक्याच्या सूचनांचं लेबल लागतं, आणि त्यावर काय लिहायचं ते तुम्ही सुगंध किती टक्के घातला यावर बदलतं.

भारतातून सुगंध आणणाऱ्यांनी लिलियल पाहा. कागदावर ब्युटिलफिनाइल मेथिलप्रोपिओनल असं लिहिलेलं असतं. फुलांच्या सुगंधांत ते सर्रास असायचं. १ मार्च २०२२ पासून इथे सौंदर्यप्रसाधनांत त्यावर बंदी आहे. जुन्या बाटल्यांत हमखास सापडतं.

अत्तरप्रेमी

मी कन्नौजचं अत्तर वर्षानुवर्षं मनगटाला तसंच लावतो. ते चालतं, मग लोशनमध्ये एक टक्काही का नको?

वातीवाली

दादा, मनगटावरचा एक ठिपका आणि सगळ्या अंगाला रोज दोनदा चोळलेलं लोशन, दोन्हीकडे किती त्वचेला किती काळ किती पोचतं ते वेगळं. म्हणून कॅटेगरी ४ आणि ५ए वेगळ्या ठेवल्यात. अस्सल अत्तर चंदन तेलात उतरवतात आणि त्याची किंमत पाहता ते लोशनमध्ये घालायची वस्तू नाहीच. आणि बाजारात अत्तर म्हणून मिळणारं बहुतेक आता चंदनावरचं नसतं, त्यामुळे कागदाचा नियम त्यालाही लागू.

आंबेहळद

परवान्याचं गटात बोलले. या दिवाळीला विक्रीला फक्त मेणपणत्या ठेवायच्या असं ठरतंय, साबण आणि उटणं घरच्यांपुरतं. घरच्या उटण्यात गुलाबाचं सेंट घालू का? पाच किलोचं प्रमाण आहे.

वातीवाली

फार चांगला निर्णय. उटण्यात नको. नागरमोथा, कपूर काचरी, वाळा, गव्हला कचोरा नीट वाळवून ताजे दळलेत तर सेंटची गरजच राहत नाही. शिवाय कोरड्या पिठात तेलकट सुगंध सारखा पसरत नाही. गुठळ्या होतात आणि एका मुठीत दहा मुठींचा सुगंध येतो. सरासरी टक्केवारी बरोबर असून एखाद्याच्या अंगाला मात्र भलतंच लागतं. गुलाबाचा वास हवा तर वाळलेल्या पाकळ्या वाढवा आणि भिजवायला गुलाबपाणी वापरा.

नवशिकी_नाशिक

विक्रेत्याकडून कागद आला! मोगऱ्याचा. ५ए ला ०.३५, ९ ला १.४, १२ ला १००. ४९वी दुरुस्ती लिहिलंय.

वातीवाली

४९वी २०२० सालची. ५१व्या दुरुस्तीनुसारचा कागद माग, बहुतेक त्यांच्याकडे असेल. आकडे बदललेले असू शकतात. तो येईपर्यंत हा मोगरा लोशनला नको, मेणबत्त्यांना वापर. नवा कागद आला की इथे टाक, साबणात सुगंध किती ग्रॅम घालायचा ते मिळून काढू. आणि बाटलीवर बॅच नंबर आणि उघडल्याची तारीख आजच लिहून ठेव.